डिसेंबरात स्वाती कशी दिसेल?

गेल्या हिवाळ्यात आकाशनिरीक्षणावरच्या एका भाषणाला गेले होते. बोलणारे गृहस्थ या छंदात माझ्याहून जुने. वांगणीच्या माळावर त्यांनी कितीतरी रात्री जागवल्या आहेत, कितीतरी मुलांना व्याध आणि ब्रह्महृदय ओळखायला शिकवलं आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायला हवं. ते म्हणाले, संगणकीय माउंट, म्हणजे दुर्बीण आपोआप ताऱ्याकडे वळवणारी बैठक, नवख्या माणसानं घेऊच नये. आकाश शिकायचं असेल तर हे यंत्र शिकू देत नाही. फोटो काढायचे असतील तर ते पहिल्या रात्रीपासून दगा देतं. आणि मुंबईच्या उजेडात, त्यातून जुहूसारख्या ठिकाणी, फोटोंचा खटाटोप मुळातच फुकट. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी विकून टाकावं. सभागृहात टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारी आमच्याच सोसायटीतली अकरावीतली एक मुलगी बसली होती. दोन वर्षं साठवलेल्या पैशांत वडिलांनी भर घातली तेव्हा कुठे तिचा माउंट आला होता, आणि तीन रात्री तो तिला हवा तो तारा दाखवत नव्हता. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "काकू, विकून टाकू का?"

मी म्हटलं, आधी वर गच्चीत चल.

५ डिसेंबरची रात्र, साडेआठ वाजलेले. आमची गच्ची म्हणजे पश्चिमेला समुद्र, उत्तरेला पाण्याची टाकी, पूर्वेला शेजारची इमारत आणि डोक्यावरून समुद्राकडे निघालेली विमानं. तिनं ट्रायपॉड मांडला, लेव्हल पाहिली, हँड कंट्रोलर सुरू केला. ठिकाण घातलं, वेळ घातली, तारीख घातली आणि दोन ताऱ्यांची अलाइनमेंट निवडली. पडद्यावर ताऱ्यांची यादी आली. आर्क्टुरस. पुढचं बटण. स्पायका. पुढचं. रेग्युलस. "रोज अशीच नावं येतात," ती म्हणाली. "एखादं निवडलं की नळी भलतीकडे वळते आणि तिथे काहीच नसतं."

मी तिला नावं मराठीत सांगितली. आर्क्टुरस म्हणजे स्वाती, स्पायका म्हणजे चित्रा, रेग्युलस म्हणजे मघा. ती गप्प झाली. घरात आजी पंचांग बघणारी, त्यामुळे नक्षत्रांची माळ तिला लहानपणापासून पाठ. तिनं पूर्वेकडे पाहिलं, मग कंट्रोलरकडे. "पण समोर रोहिणी आहे, काकू. खाली मृग वर येतोय. डिसेंबरात आत्ता स्वाती कशी दिसेल? ती तर उन्हाळ्यात…" आणि तिथेच ती थांबली, कारण उत्तर तिच्याच तोंडून निघालं होतं. कंट्रोलरला महिना आधी हवा होता आणि दिवस नंतर. तिनं आपल्या सवयीनं ०५/१२ घातलं होतं. माउंटच्या लेखी ती १२ मेची रात्र होती, आणि १२ मेला रात्री साडेआठला स्वाती, चित्रा, मघा या तिघी खरोखरच आकाशात असतात. यंत्रानं तिला एकही चुकीचा तारा सुचवला नव्हता.

ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच गुपचूप पचते. तेरा तारीख असती तर तेरावा महिना म्हणून कंट्रोलरनं ती नाकारली असती. तिच्या आधीच्या तिन्ही रात्री त्याच पहिल्या आठवड्यातल्या होत्या.

आता त्या गृहस्थांच्या पहिल्या मुद्द्याकडे येते. यंत्र आकाश शिकू देत नाही म्हणतात, तर त्या दहा मिनिटांत काय झालं ते पाहा. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: १२ मे ते ५ डिसेंबर २०७ दिवस, रोज जवळजवळ एक अंश, म्हणजे आकाश २०४ अंश फिरलेलं. पूर्ण फेऱ्याच्या अर्ध्याहून अधिक. म्हणून मेमध्ये जे संध्याकाळी माथ्यावर असतं ते डिसेंबरच्या संध्याकाळी पायाखाली. हे तिला मी समजावलं नाही. एका फसलेल्या अलाइनमेंटनं समजावलं. हाती नुसती साधी दुर्बीण असती तर रोहिणीकडे वळवून ती पुढे गेली असती, आणि मे आणि डिसेंबर यांच्यातलं हे अंतर कदाचित तिच्या बोटांना कधी लागलंच नसतं.

तारीख बदलल्यावर यादीत आल्डेबरान आला, म्हणजे आपली रोहिणी. नळी पूर्वेकडे वळली आणि शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीवर येऊन थांबली. रोहिणी तिच्या बरीच वर. मी तिला हात लांब करून मूठ धरायला सांगितली. अशी मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते. रोहिणी दीड मूठ वर होती. पंधरा अंश, म्हणजे बरोबर एक तास. मग ती स्वतःच मेनूत शिरली आणि डेलाइट सेव्हिंगच्या पुढे 'येस' सापडलं. भारतात घड्याळं उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, पण यंत्राला ते कोण सांगणार? टाइमझोनचा अर्धा तास राहिला असता, साडेपाचऐवजी पाच घातले असते, तर चूक साडेसात अंशांची, पाऊण मुठीची झाली असती. आता तिला मुठीवरून रोग ओळखता येतो. आपल्याकडे तारे पूर्वेला जवळजवळ सरळ वर चढतात, त्यामुळे ही मूठ उभीच धरायची, हेही तिला त्याच रात्री कळलं.

चूक होण्याची तिसरी जागा रेखांशाची. जुहू म्हणजे ढोबळमानानं १९ अंश ६ कला उत्तर, ७२ अंश ५० कला पूर्व. पुष्कळ कंट्रोलर परदेशात बसून सेट केलेले असतात आणि तिथे पूर्वेऐवजी पश्चिम अक्षर राहून जातं. तसं झालं तर माउंट स्वतःला हैतीच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात उभा समजतो आणि आकाश तब्बल १४५ अंशांनी फिरवून बसतो. उलट अंश-कलांची बारीक चूक, १९ अंश ६ कलांच्या जागी १९ अंश १० कला, कुणाला जाणवणारही नाही. नवखा माणूस नेमका या कलांसाठी फोन घेऊन धडपडतो आणि पूर्व-पश्चिमेकडे त्याचं लक्षच जात नाही. वेळेचंही तसंच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जुहू त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' कित्येक वर्षं टिकून राहिला तो यामुळेच. पण ही ३९ मिनिटं माणसानं वजा करायची नसतात. मनगटावरची वेळ, झोन साडेपाच आणि खरा रेखांश दिला की तो फरक माउंट स्वतः काढतो.

असल्या चुकांना मी बिघाड म्हणत नाही. माउंटला डोळे नाहीत. आपण कुठे आहोत, केव्हा आहोत आणि समोर कोणता तारा आहे, एवढंच त्याला माणसाकडून कळतं, आणि बाकीचं गणित तो अचूक करतो. दगा दिला असं म्हणण्याआधी या तीन गोष्टी पडद्यावर पुन्हा वाचून पाहाव्यात. माझ्याकडे 'बिघडलेला' म्हणून आलेल्या माउंटांपैकी बहुतेक एवढ्यावरच सुधारले.

जे सुधारले नाहीत त्यांतले पुष्कळसे विजेचे होते. नळी वेगानं वळायला लागली की कंट्रोलर मध्येच मालवतो आणि पुन्हा पहिला संदेश दाखवतो. लोक म्हणतात सर्किट गेलं. बहुतेक वेळा आत आठ पेन्सिल सेल असतात आणि दोन्ही मोटरी एकदम फिरल्या की त्यांचा दाब कोसळतो. तीच गोष्ट लिफ्टच्या खोलीतून ओढलेल्या बारीक, लांब वायरची आणि एक अँपिअरच्या अडॅप्टरची. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची एक सीलबंद बॅटरी माउंटशेजारी ठेवली की हा आजार जातो. समुद्राजवळच्यांचा आणखी एक त्रास आहे. खाऱ्या हवेनं कंट्रोलरच्या वायरीची पिन, लँडलाइनच्या फोनला असायची तशी ती छोटी पिन, हिरवट होते. मग 'नो रिस्पॉन्स' येतं. त्या मुलीच्या पिनेवर महिन्याभरातच तो थर दिसायला लागला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाच्या काडीचा कापूस आणि दोन मिनिटं. आता वापर संपला की सगळ्या वायरी काढून ती डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते.

आणि एक हाताची सवय. तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी वर आणि उजवीकडे जाणाऱ्या बटणांनीच करायची. मेकॅनिक ज्याला 'गिअरमध्ये प्ले आहे' म्हणतो, तो प्ले या माउंटांतही असतो. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून तारा धरला तर दोन्ही वेळा दात वेगवेगळ्या बाजूला टेकतात आणि माउंटची समजूत चुकते. कॅमेराही अलाइनमेंटच्या आधीच लावून, नळी तोलून घ्यायची. मागाहून अर्धा किलो वजन लटकवलं की सगळी जुळवणी सरकलीच.

फोटोंच्या मुद्द्यावर गृहस्थांची अर्धी बाजू मला मान्य आहे. तिचा माउंट अल्टअ‍ॅझ जातीचा, वर-खाली आणि आडवा फिरणारा. तो ताऱ्याला मध्यात धरून ठेवतो, पण त्याच्याभोवती चित्र हळूहळू गरगरतं. लांब एक्स्पोजरमध्ये कडेचे तारे कमानीसारखे ओढले जातात, आणि नवख्याला वाटतं ट्रॅकिंग बिघडलं. हा दोष खरा आहे. म्हणून भाषणात ते म्हणाले की ही जात फोटोसाठी निरुपयोगी. इथे मात्र मी थांबते. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ पासून. तीही अल्टअ‍ॅझच आहे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत, त्याही अशाच दोन अक्षांवर फिरतात. आकाशाचं फिरणं तिथे यंत्रानं आणि गणितानं निस्तरलं जातं. आपल्याला गच्चीत ते छोट्या एक्स्पोजरनं आणि दिशेच्या निवडीनं निस्तरता येतं.

दिशा म्हणते ती का, हे जुहूच्या माणसानं नीट समजून घ्यावं. चित्र किती वेगानं गरगरणार हे तारा कोणत्या दिशेला आणि किती उंच आहे यावर ठरतं. दक्षिणेला किंवा उत्तरेला, माथ्याजवळ ते सर्वांत वाईट. बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला ते शून्यावर येतं. मृगातला तेजोमेघ जुहूहून दक्षिणेला सर्वांत उंच चढतो तेव्हा ६५ अंशांवर असतो. त्या वेळी गरगरण्याचा वेग तासाला सुमारे ३४ अंश. तोच तेजोमेघ पश्चिमेकडे कलून ४० अंशांवर आला की वेग ८ अंशांवर उतरतो, एक चतुर्थांशाहूनही कमी. वीस सेकंदांच्या एका फोटोत, मध्यापासून दोन हजार पिक्सेल दूर असलेला तारा पहिल्या ठिकाणी साडेसहा पिक्सेल ओढला जातो, दुसऱ्या ठिकाणी दीड. आणि जुहूला पश्चिमेला काय आहे? समुद्र. ना इमारत, ना हॅलोजन, ना होर्डिंग. ज्या दिशेला हा माउंट सर्वांत भला वागतो तीच दिशा या गावाला मोकळी मिळाली आहे. तिथून फोटो निघत नाहीत असं म्हणणाऱ्यानं बहुधा दुर्बीण सगळा वेळ माथ्याकडे ठेवली असावी.

उजेडाचं म्हणाल तर तो आहेच. गच्चीवरून कृत्तिकांचे सहा तारे मोजायलाही डोळे ताणावे लागतात. मंद दीर्घिकांसाठी वांगणी गाठावी, दुमत नाही. पण उजेडाचा एक परिणाम कुणी बोलून दाखवत नाही. शहरात आकाशाचाच प्रकाश इतका असतो की काही सेकंदांतच तो कॅमेऱ्याच्या अंगच्या गोंगाटाला झाकून टाकतो. त्यापुढे एक्स्पोजर लांबवून काही हाती लागत नाही, फक्त पार्श्वभूमी पांढरी होत जाते. म्हणजे पाच मिनिटांचे एक्स्पोजर न पेलणारा माउंट शहरात कमी पडतच नाही, कारण शहरात ते लागतच नाहीत. वीस सेकंदांचे १८० फोटो घ्यावेत, विमानं गेलेले टाकून द्यावेत, बाकीचे संगणकात एकावर एक रचावेत. चंद्र आणि गुरू-शनीला तर एवढंही लागत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्य ग्रस्त असतानाच समुद्रात बुडाला तेव्हा त्या फोटोंना हवी होती फक्त मोकळी पश्चिम आणि नळीच्या तोंडावर नीट बसवलेला सौर फिल्टर.

ज्यांच्याकडे इक्वेटोरियल माउंट आहे त्यांची तक्रार वेगळी असते: 'दोन तारे जुळवले, नळी बरोबर त्या जागी जाते, तरी तारे ओढलेले का येतात?' कारण ताऱ्यांची जुळवणी आणि ध्रुवाशी जुळवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीनं माउंटला वस्तू सापडतात, दुसरीनं त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर होतो, आणि ती हातानं, बोल्ट फिरवून करावी लागते. अक्ष एक अंश चुकला तर तारा मिनिटाला सोळा विकलांपर्यंत सरकू शकतो. ५०० मिलिमीटरची नळी आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर ते जवळजवळ दहा पिक्सेल झाले. माझा स्वतःचा माउंट या जातीचा, आणि आमचा ध्रुव जेमतेम १९ अंशांवर, टाकीच्या मागे. फोनच्या होकायंत्रानं उत्तर शोधू गेले तर गच्चीच्या एका कोपऱ्यात एक उत्तर, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. मुंबईत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशही दूर नाही, पण स्लॅबमधलं लोखंड सुईला ओढतं. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजणी १९०४ साली अलिबागला हलवावी लागली होती. गच्चीत तर लोखंड पायाखालीच आहे.

मग मी तारा सरकतो कुठे ते पाहते. विषुववृत्ताजवळचा एखादा तारा, मृगाच्या पट्ट्यातला चालतो, दक्षिणेला मध्यावर असताना आयपीसमध्ये धरायचा आणि वाट पाहायची. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष जास्त पूर्वेला आहे, उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेला. नंतर पूर्वेला नुकत्याच वर आलेल्या ताऱ्यावर तेच: दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली, उत्तरेकडे तर वर. पहिल्यांदा मला दोन तास लागले, आता पंचवीस मिनिटं लागतात. न दिसणाऱ्या ध्रुवाला दोन दिसणाऱ्या ताऱ्यांवरून पकडायचं, यात आकाश शिकणं नसेल तर कशात आहे?

यंत्र लावलं की साधना उणावते ही समजूत मला पटत नाही. फ्राउनहोफरनं १८२४ साली डोर्पाटच्या मोठ्या दुर्बिणीला घड्याळाची चालना दिली, आणि त्या दुर्बिणीवर जोडताऱ्यांची मोजमापं करणाऱ्या स्ट्रूव्हला कुणी कमी निरीक्षक म्हटलं नाही. ज्याला ताऱ्याकडे निवांत पाहायचं आहे त्याला तारा स्थिर हवाच असतो. डळमळीत ट्रायपॉडवरचा स्वस्त माउंट घेऊ नये, नावं तोंडपाठ असावीत, वर्षातून दोनदा तरी काळोखात जावं, हे त्या गृहस्थांचं म्हणणं मी त्या मुलीला जसंच्या तसं सांगितलं आहे. 'विकून टाक' मात्र सांगितलं नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलांनी भरलेल्या सभेत ते सांगायला नको होतं. त्या वयात पहिल्या तीन रात्री फसल्या आणि मोठ्या माणसानं तूच चुकीची वस्तू घेतलीस म्हटलं, तर चौथी रात्र येत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री दहाला, मृग समुद्राकडे कलला होता. वाळूवरचा गलका गच्चीपर्यंत येत होता. तिनं तारीख घातली, ०३/११, आणि बोट महिन्यावर ठेवून एकदा मोठ्यानं वाचली: "मार्च, अकरा." यादीत पहिलं नाव सिरियस आलं. "व्याध," ती म्हणाली, वर पाहिलं, आणि मग बटण दाबलं. नळी वळली. जुळवणी झाल्यावर तिनं नळी मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली. वीस सेकंदांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मृगाच्या बाणाच्या खाली करडा, थोडा गुलाबी पंख उमटला. तिनं तो झूम करून कोपऱ्यातले तारे तपासले. गोल होते. मग तिनं उरलेले १७९ फोटो लावून दिले, आणि आम्ही दोघी टाकीला पाठ टेकून बसलो, दर चार-पाच मिनिटांनी जाणारं विमान कोणत्या फोटोतून जातंय ते वहीत टिपत.